नेक पाहून बेस घ्यावा

दहा-बारा हजारांच्या बेस गिटारीत काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे कुणी सांगावं लागत नाही. हातात घेतली की कळतं. दीड-दोन लाखांचं वाद्य घेणाऱ्याला बहुतेक वेळा आपल्याला काय हवं ते ठाऊक असतं. गोंधळ होतो तो मधल्यांचा. कॉलेजच्या बँडमध्ये दोन वर्षं उसन्या बेसवर काढलेला मुलगा, चर्चमध्ये वाजवणारी मुलगी, ऑर्केस्ट्रात कीबोर्डवरून बेसकडे वळलेला वादक, नोकरी लागल्यावर जुनी हौस पुरी करायला निघालेला कुणी. हाताशी तीस ते साठ हजार रुपये असतात आणि समोर पंधरा-वीस मॉडेल्स, सगळी चकचकीत, सगळ्यांची वर्णनं सारखीच गोड.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. या किमतीत बेस आवाजावरून निवडू नये, नेकवरून निवडावा. आवाज नंतर बदलता येतो. तारा बदला, ॲम्प्लिफायरचे नॉब फिरवा, पुढे पैसे आले तर पिकअप बदला. नेक मात्र जो येतो तोच राहतो. त्याची जाडी, रुंदी, फ्रेटचं काम आणि सरळपणा, यांवर तुमचा डावा हात पुढची पाच-सात वर्षं रोज तासभर घासणार असतो.

यामागे कारखान्यातलं एक कारण आहे. मधल्या किमतीचे बहुतेक बेस आज इंडोनेशिया आणि चीनमध्ये तयार होतात. तिथे संगणकावर चालणारी यंत्रं बॉडी आणि नेक अचूक कापतात, पिकअपची गुंडाळी यंत्रावर होते. त्यामुळे या गोष्टींत स्वस्त आणि महाग यांच्यातलं अंतर पुष्कळ कमी झालं आहे. जिथे अजून माणसाचा वेळ लागतो, तिथे अंतर उरलं आहे: फ्रेटची उंची एकसारखी करणं, त्यांची टोकं घासून गोल करणं, नटमधल्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीतल्या, खाचा नेमक्या खोलीच्या कोरणं. घाईत केलेलं हे काम बोटांना लगेच जाणवतं. म्हणूनच एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे, एकाच किमतीचे दोन बेस शेजारी ठेवले, तर एक वाजवावासा वाटतो आणि दुसरा नाही. मॉडेलचं नाव ठरवून दुकानात जा, पण विकत घ्यायचा तो समोरचा एक विशिष्ट बेस.

आता मॉडेल्सकडे. पंधरा-वीस दिसली तरी मूळ वाण तीनच आहेत, आणि तिन्हींच्या मागे एकच माणूस आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा. तो स्वतः गिटार वाजवत नसे. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बेस म्हणजे माणसाएवढं उभं लाकडी वाद्य. मोटारीत मावत नसे, ब्रास आणि ड्रम्सच्या गदारोळात ऐकू येत नसे आणि फ्रेट नसल्याने सूर कानानेच शोधावा लागे. फेंडरने फ्रेट बसवले, त्यामुळे सूर नेमका लागू लागला आणि वाद्याला नाव मिळालं प्रिसिजन. तारेची मोकळी लांबी त्याने ठरवली ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर. सत्तर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी दुकानातल्या बहुतेक बेसची लांबी तीच आहे.

१९५७ मध्ये प्रिसिजनला दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली, आणि दोघांची गुंडाळी उलटसुलट. त्यामुळे बाहेरच्या विजेची घरघर एकमेकांना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज तेवढा शिल्लक राहतो. या बेसवर एकच पिकअप, एक व्हॉल्यूम आणि एक टोन. दुकानात हे फारच साधं वाटतं. पण डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी जेम्स जेमर्सनने १९६० च्या दशकात जी गाणी वाजवली, त्यातली बहुतेक अशाच एका १९६२ च्या प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एका तर्जनीने. त्या गाण्यांतला बेस ऐकल्यावर नॉबच्या संख्येचा विचार मनातून जातो. प्रिसिजनचा आवाज जाड आणि मध्यावर भरलेला असतो, ड्रम्सच्या मागे आणि गिटारींच्या खाली नेमका बसतो. बँडमध्ये वाजवणाऱ्याला पहिला चांगला बेस कोणता घेऊ असं विचारलं, तर माझं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. मधल्या किमतीत स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त नावाखाली तो मिळतो. अफिनिटी ही खालची पायरी, क्लासिक व्हाइब ही वरची. दोन्हींत फरक आहे तो मुख्यतः हातकामात आणि हार्डवेअरमध्ये.

दुसरं वाण जॅझ बेसचं, १९६० मधलं. याचा नेक नटपाशी सुमारे ३८ मिलिमीटर रुंद असतो, तर प्रिसिजनचा साधारण ४१-४२. तीन-चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात लहान पंजाच्या वादकाला पहिल्या चार फ्रेटवर हाच फरक मोठा वाटतो. जॅझला दोन पिकअप असतात. ब्रिजजवळचा पिकअप आवाजाला धार देतो. प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. जॅको पॅस्टोरियसने फ्रेट काढून टाकलेल्या जॅझ बेसवर जे केलं आणि मार्कस मिलरने त्यावर अंगठ्याने तार मारत जे केलं, ते या धारेवरच उभं आहे.

जॅझ बेसची एक अडचण आपल्याकडे जास्त जाणवते. दोन्ही पिकअप सारख्याच आवाजावर असले की घरघर नाहीशी होते. एकच चालू ठेवला की ती उघडी पडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ४९ हर्ट्झचा. म्हणजे ही घरघर बेसच्या ऐन मुलखात येऊन बसते. जुन्या इमारतींतल्या सॉकेटमध्ये अर्थिंग नीट नसणं आपल्याला नवं नाही, आणि मंडपात तर एकाच जोडणीवर दिव्यांच्या माळाही असतात आणि ॲम्प्लिफायरही. ज्याला वारंवार अशा जागी वाजवायचं आहे, त्याने प्रिसिजनचा पिकअप किंवा दुहेरी गुंडाळीचा हम्बकर पसंत करावा. प्रिसिजन आणि जॅझ, दोन्ही प्रकारचे पिकअप एकाच बेसवर देणारी मॉडेल्सही आहेत. यामाहाची बीबी मालिका त्यातली, आणि मला ती मधल्या किमतीतल्या सर्वांत प्रामाणिक वाद्यांपैकी एक वाटते: भक्कम नेक, नीट बसवलेले फ्रेट, कसलाही दिखावा नाही.

तिसरं वाण १९७६ चं. फेंडर कंपनी विकून टाकल्यावर लिओने म्युझिक मॅन या कंपनीतून स्टिंगरे बेस आणला. त्यात एक मोठा हम्बकर आणि बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प होता. यालाच आज ॲक्टिव्ह बेस म्हणतात: आवाज बाहेर पडण्याआधीच वाद्यावर खालचे आणि वरचे सूर वाढवता येतात. शिक या बँडच्या बर्नर्ड एडवर्ड्सने याच बेसवर डिस्कोच्या काळातली गाणी वाजवली. मधल्या किमतीत स्टर्लिंग बाय म्युझिक मॅनचे बेस हा आवाज देतात. १९८० च्या दशकात आयबानेझने एसआर मालिका आणली. बारीक नेक, हलकी आणि गोलसर बॉडी, तीन पट्ट्यांचा ॲक्टिव्ह प्रीॲम्प. यामाहाचा टीआरबीएक्स-३०४ याच जातकुळीचा. सायर ही कोरियन कंपनी मार्कस मिलरच्या नावाने जॅझच्या धर्तीचे बेस विकते. त्यातल्या व्ही-७ वर ॲक्टिव्ह बंद करून पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय, वाजवण्याचं बटण आहे, आणि फिंगरबोर्डच्या कडा गोल घासलेल्या असतात. या किमतीत ती सोय दुर्मिळ आहे आणि हाताला सुखाची आहे.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह, यावर नवखे फार वेळ घालवतात. पॅसिव्ह बेस कधी दगा देत नाही. ॲक्टिव्ह बेसवर दुकानात खालचा नॉब वाढवून वाजवलं की आवाज भव्य वाटतो आणि पैसे बाहेर निघतात. तोच आवाज बँडमध्ये ड्रम्सच्या किकमध्ये विरघळून जातो. तिथे ऐकू येण्यासाठी लागतात मधले सूर. म्हणून कुठलाही बेस तपासताना सगळे नॉब मधोमध ठेवावेत. ॲक्टिव्ह घेतलाच तर एवढं लक्षात ठेवा: केबल जॅकमध्ये खुपसली की बॅटरी चालू होते आणि केबल काढेपर्यंत चालूच राहते. तालीम झाली की केबल काढायची, आणि बॅगेच्या खिशात नऊ व्होल्टची एक जादा बॅटरी ठेवायची. ज्यात बॅटरी संपल्यावरही पॅसिव्ह वाजवता येतं असा ॲक्टिव्ह बेस मिळाला, तर तो आधी घ्यावा.

चार तारा की पाच? पाश्चात्त्य बँडच्या संदर्भात याचं उत्तर असतं: मेटल किंवा गॉस्पेल वाजवत असाल तर पाच, नाहीतर चार. आपल्याकडे मात्र हा प्रश्न गायकाच्या पट्टीशी बांधलेला आहे. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन, ४१ हर्ट्झच्या किंचित वर. गायिका काळी चार किंवा काळी पाचला गात असेल, तर तिचा षड्ज तुम्हाला ई आणि ए तारांवर आरामात खाली सापडतो. पण अनेक पुरुष गायक काळी एकला किंवा काळी दोनला गातात. काळी एक म्हणजे सी शार्प. तो खालच्या सप्तकात ३५ हर्ट्झच्या जवळ आहे, ई तारेच्याही खाली. चार तारांवर तुम्हाला तो षड्ज एक सप्तक वर, ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर घ्यावा लागतो. गाणं चालतं, पण पायाखालचा आधार थोडा वर सरकतो. पाचवी तार बी, म्हणजे ३१ हर्ट्झच्या आसपास, आली की काळी एक, पांढरी दोन आणि काळी दोन, हे तिन्ही षड्ज खाली मिळतात. भावगीतं, अभंग, नाट्यगीतं यांच्या साथीला बेस घेऊन बसणाऱ्यांसाठी किंवा दर गाण्याला पट्टी बदलणाऱ्या ऑर्केस्ट्रासाठी पाच तारांचा बेस हा चैनीचा मामला नाही.

पण पाच तारांत फसगतही जास्त होते. ३४ इंच लांबीवर बी तार सैल आणि चिखलासारखी वाजू शकते, आणि स्वस्त बेसमध्ये हे हमखास घडतं. दुकानात बी तारेचा पाचवा फ्रेट दाबून वाजवा आणि लगेच मोकळी ई वाजवा. दोन्ही एकच स्वर आहेत. पहिला दुसऱ्याच्या तुलनेत बोथट आणि अंधुक वाटला, तर तो बेस सोडा. काही कंपन्या यासाठी ३५ इंच लांबी देतात. शिवाय पाच तारांचा नेक रुंद असतो आणि तारांमधलं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं. चार तारांवर ब्रिजपाशी साधारण १९ मिलिमीटर असतं, पाचांवर ते बरेचदा १६-१७ पर्यंत खाली येतं. अंगठ्याने वाजवणाऱ्याला ते दाटीचं वाटेल. एकाच पैशात चांगला चार तारांचा आणि बरा पाच तारांचा, असा पर्याय असेल आणि गायकाची पट्टी आड येत नसेल, तर चार तारांचा घ्यावा.

लहान हातांसाठी किंवा शाळकरी वयासाठी ३० इंचाचा बेस असतो. त्याला कमी दर्जाचा समजण्याची चूक पालक करतात. पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफ्नर ३० इंचाचाच, आणि बीटल्सचं कितीतरी काम त्याच्यावर झालं. फेंडरचा मस्टँग बेसही १९६६ पासून याच लांबीचा. त्याची स्क्वायर आवृत्ती मिळते. तारा मऊ पडतात, आवाज गोल येतो, बोटांना ताण कमी.

लाकडाबद्दल जाहिरातींत पुष्कळ बोललं जातं. सॉलिड बॉडीच्या बेसमध्ये पिकअप तारेचं कंपन चुंबकाने टिपतो, त्यामुळे बॉडीचं लाकूड पॉप्लर की अल्डर की बासवुड, यावर पैसे मोजू नयेत. लाकडाचा उपयोग बघावा तो वजनासाठी. चार किलोच्या आतला बेस दोन तास खांद्यावर सहन होतो. साडेचारच्या पुढे पाठ बोलू लागते. फिंगरबोर्डच्या लाकडात मात्र आपल्या ओळखीची माणसं, म्हणजे झाडं, भेटतात. वर्षानुवर्षं बरेचसे फिंगरबोर्ड रोझवुडचे असत, आणि त्यातलं भारतीय रोझवुड म्हणजे आपलं शिसवी लाकूड. २०१७ मध्ये त्या साऱ्या प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचे निर्बंध आले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण मधल्या काळात कारखाने दुसऱ्या लाकडांकडे वळले होते. स्क्वायरच्या अनेक बेसवर आज जे इंडियन लॉरेल लिहिलेलं असतं, ते म्हणजे ऐन. सह्याद्रीच्या पानझडी रानात मगरीच्या पाठीसारख्या सालीचा जो ऐन उभा असतो आणि विदर्भात ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसले जातात, तोच. घट्ट, टिकाऊ लाकूड आहे. रोझवुड नाही म्हणून हिरमुसण्याचं कारण नाही.

आता दुकानात काय करायचं. शक्य असेल तर मोठ्या दुकानात जा. मुंबईत धोबीतलावच्या फुर्ताडोजसारख्या ठिकाणी हातात घेऊन वाजवता येतं, आणि त्यासाठी सोलापूर किंवा रत्नागिरीहून एक दिवसाची वाट वाकडी करावी, इतकं ते महत्त्वाचं आहे. सुट्टीच्या दिवशी दुपारी नको, आठवड्यातल्या सकाळी जा, घाई नसते.

आधी केबल न लावता वाजवा. चांगला बेस जोडणीशिवायही हाताखाली थरथरतो, आणि या वेळी इलेक्ट्रॉनिक्सचा आवाज मध्ये येत नसल्याने कान फक्त तार, फ्रेट आणि नेक ऐकतात. उभे राहा, पट्टा लावा, दोन्ही हात सोडून द्या. हेडस्टॉक जमिनीकडे झुकू लागला, तर वाजवताना डावा हात नेक उचलून धरण्यातच थकेल. पट्टा रुंद घेऊन हे थोडं सावरतं, पूर्ण जात नाही. मग बॉडीकडून डोळा लावून नेकच्या कडेने पाहा. तारांच्या ओढीने नेक किंचित पुढे वाकलेला असावा, पण कुठे पीळ पडलेला नसावा. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, सुमारे ०.३ मिलिमीटर, असली की छान. बरीच जास्त असेल किंवा अजिबात नसेल, तर दुकानदाराला ट्रस रॉड फिरवून दाखवायला सांगा. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातली पोलादी सळई. चारही तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास जी ओढ लावतात, तिला ती तोलून धरते. ती फिरते आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बेस घेऊ नये. सगळ्या बिघाडांत हाच एक असा आहे की तो दुरुस्त करण्याचा खर्च बेसच्या किमतीच्या जवळ जातो.

फ्रेटच्या कडांवरून पंजा आडवा, वरून खाली फिरवा. टोकं टोचली तर समजा लाकूड सुकलं आहे किंवा काम घाईत झालं आहे. मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट एकेक करून वाजवा. कंटाळवाणं आहे, पण करा. कुठे खडखड होते ते ऐका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर मरतो का, तेही ऐका. बोल्टने जोडलेल्या नेकच्या बेसमध्ये हे बऱ्याच वेळा असतं, थोडं असेल तर चालतं, स्वर दोन सेकंदांत विझत असेल तर दुसरी प्रत मागा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबलेला स्वर ट्यूनरवर जुळवून बघा. फरक असला तर तो ब्रिजवर दुरुस्त होतो, म्हणून त्यासाठी बेस नाकारू नका. तारांची उंची जास्त असणं हेही नाकारण्याचं कारण नाही. सतराव्या फ्रेटवर दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत ती खाली आणता येते.

मग केबल लावा. नॉब फिरवताना करकर येते का, जॅक हलवल्यावर आवाज जातो का, एवढं बघायला पाच मिनिटं पुरतात.

पैशांची वाटणी कशी करावी यावर मी थोडा आग्रही आहे. पन्नास हजार असतील, तर पन्नासचा बेस घेऊ नये. तीस-बत्तीसचा बेस, दीड-दोन हजारांचा सेटअप (तंत्रज्ञाकडून नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवून घेणं), तारांचा एक नवा संच, बरी बॅग, आणि उरलेले ॲम्प्लिफायरला. बेसच्या ई तारेच्या हवेतल्या एका लाटेची लांबी आठ मीटरहून जास्त असते. असा स्वर उमटवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते, आणि आपला कान खालच्या सुरांना मुळातच कमी संवेदनशील असतो. त्यामुळे गिटारवाला तीस वॉटवर ज्या ताकदीने ऐकू येतो, तिथे बेसला त्याच्या कितीतरी पट लागतात. खोलीत एकट्याने वाजवायला २५ ते ४० वॉटचा कॉम्बो पुरतो. ड्रम्ससोबत तालमीला १०० वॉटच्या खाली उतरू नये. गिटारच्या ॲम्पवर बेस मोठ्याने वाजवला तर त्याचा स्पीकर फाटू शकतो, म्हणून मित्राचा ॲम्प मागताना हे त्याला आधी सांगा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने, शेजाऱ्यांचा विचार करून, ॲम्पऐवजी छोटा ऑडिओ इंटरफेस आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले तरी उत्तम. रेकॉर्डिंगही त्यावरच होतं.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र बेस पारखू नये. त्या इवल्या पडद्याला ४१ हर्ट्झ झेपतच नाही. तरीही गाण्यातला बेस आपल्याला थोडा ऐकू येतो, कारण वरचे हार्मोनिक ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः भरून काढतो. जुन्या हिंदी गाण्यांचं, विशेषतः आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी वाजवलेल्या बेसचं, खरं काम चांगल्या हेडफोनवर एकदा ऐका. बेस घेण्याआधी आठवडाभर असं ऐकत राहणं हा शोध घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे: कुठला आवाज आपल्याला ओढतो, जाड की धारदार, ते आधी कळलेलं असलं की दुकानात गोंधळ होत नाही.

वापरलेला बेस घ्यायला मी नेहमी उत्तेजन देईन. घन लाकडाचं हे वाद्य सहजासहजी बिघडत नाही. परदेशी जाणारे, बँड मोडलेले, हौस फिटलेले लोक चांगले बेस बऱ्याच कमी भावात विकतात. वर सांगितलेल्या तपासण्या तिथे दुप्पट काटेकोर करा. हेडस्टॉकच्या मागे आणि नेकच्या सांध्यात चिरा जोडल्याच्या खुणा, फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खोल घळ्या, पिकअपखालचा गंज. बॉडीवरच्या ओरखड्यांकडे बघू नका, भाव पाडण्यासाठी मात्र त्यांचा उपयोग करा.

तारांनी आवाज किती बदलतो, याचा अंदाज अनेकांना नसतो. कारखान्यातून आलेल्या तारा गुदामात आणि जहाजात महिनोन्महिने पडलेल्या असतात. त्या काढून राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या, घातल्या की आवाज खणखणीत होतो. फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, घातल्या की तोच बेस १९६० च्या दशकात जातो, मऊ, गोल, बोटांना गुळगुळीत. प्रिसिजन आणि फ्लॅटवाउंड हे जोडपं अभंग-भावगीतांच्या साथीला सुरेख लागतं, आणि फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं टिकतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत घामाने आणि खाऱ्या हवेने राउंडवाउंड फार लवकर मरतात. वाजवून झाल्यावर सुक्या फडक्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसण्याला पर्याय नाही. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या बदला.

जून आणि नोव्हेंबर, वर्षातून दोनदा नेक बघा. पावसाळ्याच्या दमट हवेत लाकूड ओलावा घेतं आणि नेकचा बाक बदलतो. काल नीट वाजणाऱ्या तारा आज खडखडतात किंवा उंच वाटतात, आणि माणसाला वाटतं बेसच बिघडला. नागपूर-छत्रपती संभाजीनगरच्या कोरड्या उन्हाळ्यात उलट होतं: फिंगरबोर्ड आकसतो आणि दमट हवेच्या देशात बसवलेले फ्रेट कडेने बाहेर डोकावतात. ते घासून देणं तंत्रज्ञाचं तासाभराचं काम आहे. ट्रस रॉड घरी फिरवायचा असेल तर योग्य मापाची चावी, आधी तार थोडी सैल, आणि एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग तार पुन्हा सुरात आणून बेस रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी फट मोजा, लागला तर पुन्हा पाव फेरा. रॉड फिरायला नकार देत असेल, तर तिथेच हात थांबवा आणि बेस तंत्रज्ञाकडे न्या.